कमलाबाई निंबकर : हाताला पुन्हा कामाला लावणारी बाई



ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडच्या आपल्या घरांपैकी बहुतेक घरांतून कोणी ना कोणी परळच्या केईएम रुग्णालयाची पायरी चढलेले आहे. लोकलने परळला उतरायचे, फाइल आणि एक्स-रेची पिशवी काखेत धरून चालत जायचे, आणि मग केसपेपरची रांग. त्या भल्या मोठ्या रुग्णालयात एका विभागाचे नाव आहे 'ऑक्युपेशनल थेरपी'. मराठीत त्याला व्यवसायोपचार म्हणतात. हे नाव ऐकून पुष्कळांना वाटते की तिथे अपंगांना नोकरी-धंदा लावून देतात. तसे नाही. अर्धांगाचा झटका येऊन हात लुळा पडलेल्या माणसाला पुन्हा घास उचलता यावा, सदऱ्याची बटणे लावता यावीत, जन्मतः मेंदूला इजा झालेल्या मुलाला पेन्सिल धरता यावी, यासाठी तिथे धडपड चालते. हाताला किंवा पायाला बांधायचा तो पांढरा कडक पट्टा, ज्याला डॉक्टर स्प्लिंट म्हणतात, तोही अनेकदा अशाच विभागात मापाने बनवून मिळतो.

ही विद्या मुंबईत आणली आणि केईएममध्ये तिची शाळा उघडली ती एका निंबकर आडनावाच्या बाईने. जन्माने मात्र त्या अमेरिकन होत्या आणि एका ख्रिस्ती घरात वाढलेल्या होत्या. त्यांचे नाव कमला विष्णू निंबकर. आज त्यांची ओळख करून घेऊ या.

त्यांचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. जन्म १९०० सालचा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातला. घराणे क्वेकर पंथाचे. आपल्यापैकी अनेकांना हा पंथ ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगतो. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या प्रेरणेने हा पंथ सुरू झाला. ही मंडळी स्वतःला 'मित्र' म्हणवतात. आपल्यासारखी मिस्सा त्यांच्यात नाही, धर्मगुरू नाहीत, साक्रामेंते नाहीत. अनेक ठिकाणी सगळे एकत्र जमतात आणि शांत बसून राहतात. कोणाला आतून काही सांगावेसे वाटले तर तो उठून बोलतो. युद्धाला त्यांचा ठाम विरोध. युद्धात होरपळलेल्यांची सेवा मात्र त्यांनी इतकी केली, की १९४७ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक इंग्लंड आणि अमेरिकेतल्या क्वेकर सेवासंस्थांना मिळाले.

ह्या पंथाची आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण कमलाबाईंनी पुढे जे काम केले त्याचे एक मूळ तिथेच आहे. १७९६ मध्ये विल्यम ट्यूक नावाच्या एका क्वेकर चहा-व्यापाऱ्याने इंग्लंडच्या यॉर्क शहरात मनोरुग्णांसाठी एक आश्रयगृह उघडले. त्या काळी वेड लागलेल्यांना साखळदंडाने बांधून ठेवीत. ट्यूकने साखळ्या काढल्या, रुग्णांना बागेत काम दिले, शिवणकाम दिले, त्यांच्याशी माणसासारखे बोलायला सुरुवात केली. हाताला अर्थपूर्ण काम मिळाले की आजारी माणूस सावरू लागतो, हा अनुभव तिथे आला. पुढे सव्वाशे वर्षांनी ह्याच अनुभवातून व्यवसायोपचाराची विद्या आकाराला आली. १९१७ मध्ये अमेरिकेत तिची पहिली संघटना निघाली आणि १९१८ मध्ये फिलाडेल्फियात तिची शाळा सुरू झाली. तेव्हा पहिल्या महायुद्धातून हात-पाय निकामी झालेले सैनिक हजारोंनी परतत होते.

एलिझाबेथचा ह्या विद्येशी संबंध मात्र बराच उशिरा आला. त्याआधी आला तो भारताशी. अमेरिकेत शिकायला आलेल्या विष्णू निंबकर या मराठी तरुणाशी तिची ओळख झाली आणि १९३० मध्ये ती भारतात आली. ते साल मिठाच्या सत्याग्रहाचे. अशा वेळी एक गोरी तरुणी इथे उतरते, एका मराठी माणसाशी लग्न करते, कमला हे नाव घेते आणि इथलीच होऊन राहते. आज सून परदेशातून आली तर आपण फोटो काढून सगळ्यांना पाठवतो. तेव्हा गोष्ट इतकी सोपी नव्हती. गोऱ्यांच्या क्लबात तिला जागा नव्हती आणि आपल्याकडच्या स्वयंपाकघरातही ती सहज मिळत नसे. १९३१ मध्ये मुलगा झाला. हा मुलगा म्हणजे पुढे फलटणला शेतीसंशोधनात नाव मिळवणारे बनबिहारी निंबकर.

चाळिशी उलटल्यावर माणूस सहसा शाळेच्या बाकावर जात नाही. कमलाबाई गेल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाचे काम अमेरिकेत जोरात वाढले होते. व्यवसायोपचाराची विद्या त्यांनी तिथे, फिलाडेल्फियाच्या त्याच शाळेत घेतली. आणि घेऊन त्या परत आल्या, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. त्या वेळी भारतात ह्या विषयाचे नाव घेणारे कोणी नव्हते, अभ्यासक्रम नव्हता, पगाराची जागा नव्हती. परळचे केईएम रुग्णालय १९२६ पासून चालू होते, महानगरपालिकेचे होते आणि गिरणगावाच्या मधोमध होते. यंत्रात हात सापडलेला कामगार, गाडीखाली पाय गेलेला हमाल, भाजलेली बाई, पोलिओ झालेले मूल, सगळे तिथेच येत. कमलाबाईंनी तिथे व्यवसायोपचाराचा विभाग उभा केला आणि १९५० मध्ये त्याला जोडून प्रशिक्षणाची शाळा काढली. ही आशियातली ह्या विषयाची पहिली शाळा मानली जाते.

त्या काळच्या अशा विभागात पाऊल टाकले असते तर तुम्हाला वाटले असते की आपण चुकून कारखान्यात आलो. हातमाग, सुतारकामाची बाके, करवती, विणकामाच्या सुया, बांबू, माती. पण प्रत्येक वस्तूमागे हिशेब असे. गुडघा आखडलेल्या माणसाला मागाच्या पावड्या चालवायला बसवायचे, म्हणजे गुडघा शेकडो वेळा वाकतो आणि सरळ होतो, आणि त्याचे लक्ष दुखण्याकडे नसून कापडाकडे असते. खांदा वर जात नसेल तर काम फळ्यावर उंच टांगायचे. बोटांत जोर नसेल तर आधी मऊ माती, मग जाड सूत, मग बारीक. नुसता व्यायाम सांगितला की आपण दोन दिवस करतो आणि सोडून देतो. कापड पुरे करायचे असले की माणूस रोज येतो.

आता स्प्लिंटकडे वळू, कारण ह्या सगळ्यात लोकांचा सर्वात जास्त गोंधळ तिथेच होतो.

कृत्रिम पाय वेगळा आणि स्प्लिंट वेगळी. जयपूर फूटसारखा कृत्रिम पाय, नसलेल्या अवयवाची जागा घेतो. स्प्लिंट, कॅलिपर, मानेची कॉलर, कमरेचा पट्टा ही साधने असलेल्या पण दुबळ्या झालेल्या अवयवाला आधार देतात. डॉक्टर ह्या सगळ्यांना मिळून ऑर्थोसिस म्हणतात. कामे तीन-चार प्रकारची. दुखावलेला सांधा स्थिर ठेवणे हे एक. स्नायू आखडून अवयव वाकडा होऊ न देणे हे दुसरे. गेलेल्या स्नायूचे काम करणे हे तिसरे. दुसरे काम सगळ्यात महत्त्वाचे, पण डोळ्यांना दिसत नाही म्हणून घरचे लोक त्याचाच कंटाळा करतात.

एक उदाहरण घ्या. दंडाचे हाड मोडले आणि तिथून जाणारी नस दुखावली की मनगट खाली लोंबते. मनगट उचलणारे स्नायू झोपी गेलेले असतात, पण मूठ मिटणारे जागे असतात. हात तसाच लोंबत ठेवला तर झोपी गेलेले स्नायू ताणून ताणून सैल होतात आणि जागे असलेले आखूड होत जातात. नस सावरायला काही महिने लागतात. नस सावरते, पण तोवर हात वाकडा झालेला असतो आणि तो सरळ करणे कोणाच्या हातात उरत नाही. म्हणून त्या मधल्या काळात मनगट थोडे मागे झुकलेले आणि बोटे पाण्याचा पेला धरल्यासारखी अर्धी मिटलेली, अशा ठेवणीत हात स्प्लिंटमध्ये ठेवतात. स्प्लिंट नस बरी करत नाही. नस बरी होईपर्यंत हात तिच्यासाठी राखून ठेवते.

त्या काळी ही साधने प्लास्टर, चामडे, लोखंडी पट्टी, ॲल्युमिनियम यांची बनत. आज हाताच्या स्प्लिंटसाठी एक विशेष प्लॅस्टिक मिळते. ते गरम पाण्यात टाकले की पोळीसारखे मऊ पडते, मग ते रुग्णाच्या हातावरच ठेवून आकार देतात आणि निवले की कडक होते. पायासाठी जास्त टणक प्लॅस्टिकची नळकांडी पायाच्या साच्यावरून बनवतात. साहित्य बदलले, पण पाहायच्या गोष्टी बदलल्या नाहीत. काढल्यावर कातडीवर लाल डाग राहतो का, राहिला तर अर्ध्या तासात जातो का, हाडाच्या टोकावर घासते का. कुष्ठरोगात किंवा मधुमेहात ज्यांची संवेदना गेलेली असते, त्यांना तर घासल्याचे दुखतसुद्धा नाही. त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले पाहिजे, नाही तर आधारासाठी बांधलेले साधनच जखम करते. डॉ. पॉल ब्रँड हे मिशनरी शल्यचिकित्सक त्याच काळात वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करू लागले होते. शस्त्रक्रियेइतकेच लक्ष त्यांनी रुग्णांच्या चपलांवर दिले, ते याच कारणाने.

मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते आणि ती पोलिओच्या काळात फार मोठी होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत पोलिओची साथ आली होती. लस अजून निघायची होती. पोलिओचा विषाणू पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. मूल तापातून उठते, पण पाय उठत नाही. अशा मुलांना कॅलिपर लावत. दोन्ही बाजूंनी लोखंडी सळया, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, खाली जड बूट, गुडघ्याशी कुलूप. उभे राहताना कुलूप लावायचे, बसताना उघडायचे. तुमच्यापैकी पन्नाशी उलटलेल्यांनी हा खणखणाट शाळेच्या वऱ्हांड्यात ऐकलेला असेल. आता मूल तर वाढते, लोखंड वाढत नाही. वर्षभरात सळई आखूड पडते, बूट बोटांना चावू लागतो, गुडघ्याचे कुलूप गुडघ्याच्या खाली सरकते. म्हणजे कॅलिपर एकदा विकत घेऊन भागत नाही. मोठे होईपर्यंत तो पुन्हापुन्हा दुरुस्त करावा आणि बदलावा लागतो. त्यासाठी जवळ कार्यशाळा हवी, चालायला शिकवणारा माणूस हवा, आणि एवढ्या फेऱ्यांत बुडणारी शाळा कुठे तरी भरून निघायला हवी.

ही गोष्ट मुंबईत जिने स्वतःच्या घरात सोसून ओळखली ती दुसरी एक बाई, फातिमा इस्माईल. स्वदेशी चळवळीत आपल्या परळच्या गिरणीच्या आवारात परदेशी कापडांची होळी होऊ देणारे उमर सोबानी हे त्यांचे भाऊ. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. तिला घेऊन त्या मद्रासला अस्थिशल्यचिकित्सक डॉ. किणी यांच्याकडे गेल्या, पुण्यात जखमी सैनिकांसाठी चालणाऱ्या उपचारांपर्यंत पोचल्या, आणि मुलगी सावरल्यावर इतरांच्या मुलांसाठी १९४७ मध्ये डॉ. बाळिगा यांच्या जागेत त्यांनी दवाखाना उघडला. त्यातूनच पुढे हाजीअलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. त्याच हाजीअलीला १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था सुरू झाली. पुण्यात सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासूनच होते. म्हणजे दहा-बारा वर्षांच्या आत आपल्या ह्या भागात कॅलिपर बनवणारे, शस्त्रक्रिया करणारे, व्यायाम देणारे आणि हाताला काम देणारे असे सगळे जण तयार होऊ लागले. फातिमाबाईंनी मुलांसाठी जागा उभी केली, कमलाबाईंनी त्या कामासाठी हात तयार केले. माझ्या मते दुसरे काम कमी दिसते, पण टिकते जास्त. इमारतीवर पाटी लागते, शिकवून बाहेर पाठवलेल्या मुलींवर लागत नाही.

आणि त्या विद्यार्थ्यांसाठी कमलाबाईंनी पुढची व्यवस्थाही पाहिली. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना स्थापन झाली, तीत त्यांचाच पुढाकार होता. त्याच वर्षी ह्या व्यवसायाचा जागतिक महासंघ निघाला. त्याच्या दहा संस्थापक देशांत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा यांच्या पंक्तीला भारत बसला. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षे झालेली, विद्येची शाळा उघडून दोन वर्षे झालेली, आणि आपण संस्थापकांत! पुढे १९५८ मध्ये नागपूरला दुसरी शाळा निघाली, त्यातही त्यांचा हात होता. आज मुंबईत केईएमबरोबर नायर आणि शीवच्या रुग्णालयांतही हे शिक्षण मिळते. डोंबिवलीच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये तुमच्या आजीला चमचा धरायला शिकवणारी मुलगी भेटली, तर ती बहुधा ह्याच परंपरेतली.

कमलाबाईंचे सगळे आयुष्य काही सुरळीत मान मिळवण्यात गेले असे समजू नका. हा व्यवसाय अजूनही आपल्याकडे उपेक्षितच आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव घरोघरी घेतले जाते. रुग्णाला सहा महिने रोज अर्धा तास तोच पेला उचलायला लावणारीचे नाव कोणाला आठवत नाही. नातेवाईकही तिच्यावर चिडतात. पेशंटला खेळवत बसते, गोळ्या का देत नाही, असे म्हणतात. ह्या समजुतीशी कमलाबाईंना इथल्या भाषेत, इथल्या माणसांशी झगडावे लागले असणार. मागाचे आणि मातीचे काम हे अडाण्याचे काम, शिकलेल्याने ते कशाला करायचे, हा आपला जुना विचार. त्यात मोडलेला माणूस म्हणजे घरात बसवून भरवायचा, हा दुसरा. त्यात प्रेम असते, हे खरे. पण भरवल्याने हात उघडत नाही.

आयुष्यभर केलेल्या कामाचा आणि भारतातल्या पुनर्वसनाचा इतिहास त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवला. १९७९ मध्ये त्या वारल्या आणि तो ग्रंथ १९८० मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. व्यवसायोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या वार्षिक परिषदेत उत्तम शोधनिबंधाला त्यांच्या नावाचे पारितोषिक दिले जाते. पण सर्वसामान्य मराठी माणसाने त्यांचे नाव ऐकले असेल ते फलटणमुळे. मुलगा बनबिहारी तिथे शेतीत रमला, सून जाई निंबकर ही इरावती कर्वे यांची लेक आणि स्वतः लेखिका. त्याच फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी १९८६ मध्ये मराठी माध्यमाची एक प्रयोगशील शाळा काढली आणि तिला कमला निंबकर बालभवन असे नाव दिले. मॅक्सीनबाईही अमेरिकेत जन्मलेल्या, पुढे भारतीय नागरिक झालेल्या. एका सातारी तालुक्याच्या गावात दोन अमेरिकन बायकांची नावे अशी जोडली जावीत, ही मोठी गंमत आहे.

पोलिओ आपल्या देशातून गेला. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. लोखंडी कॅलिपरचा खणखणाट कमी झाला. स्प्लिंटची गरज मात्र कमी झाली नाही. आज ती लागते ती अर्धांगवायू झालेल्यांना, रस्त्यावरच्या आणि रुळांवरच्या अपघातात सापडलेल्यांना, भाजलेल्यांना, संधिवाताने बोटे वाकणाऱ्या आयांना, आणि जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडलेल्या बाळांना. अशी मुले आपल्या धर्मग्रामातही आहेत. त्यांच्या पालकांना मी जे सांगतो आहे ते नवीन नाही, पण इतरांना ते कळावे म्हणून लिहितो.

स्प्लिंट घरात येते तेव्हा उत्साह असतो. पहिले पंधरा दिवस ती बांधली जाते. मग उकाडा सुरू होतो, आत घाम येतो, मूल रडते. पाहुणे आले की ती काढून ठेवली जाते, कारण लोक विचारतात. मग एके दिवशी ती कपाटावर जाते, जुन्या क्रिबच्या खोक्याशेजारी. सहा महिन्यांनी डॉक्टर विचारतात तेव्हा आई खाली मान घालते. आईला बोल लावून काय उपयोग? बदलापूरहून किंवा टिटवाळ्याहून गर्दीच्या लोकलमधून सात वर्षांचे, चालू न शकणारे मूल कडेवर घेऊन परळला किंवा महालक्ष्मीला जायचे म्हणजे काय, हे गेल्याशिवाय कळत नाही. नवऱ्याची रजा, रिक्षाचे पैसे, दुसऱ्या मुलाची शाळा. २०१९ पासून परळहून कल्याणकडे सुटणाऱ्या गाड्या आहेत, तेवढाच परतीचा त्रास कमी. शेजारच्या कोणी एक दिवस बरोबर जाऊन फाइल धरली आणि डब्यात चढताना हात दिला, तर त्या फेरीचे निम्मे ओझे उतरते.

आणि कपाटावर पडलेल्या स्प्लिंटचे दुखणे बहुतेक वेळा साधे असते. पट्टा घट्ट असतो, कडा टोचत असते, मूल वाढलेले असते. टोचणारी कडा गरम करून दोन मिनिटांत वळवता येते. आत सुती मोजा घातला तर घाम टिपला जातो. किती तास बांधायची, रात्री की दिवसा, हे प्रत्येकाचे वेगळे असते. शेजारणीच्या मुलाला जे सांगितले ते आपल्याला चालत नाही. ज्याने स्प्लिंट बनवली त्याला किंवा तिलाच ते विचारावे. हातावरची प्लॅस्टिकची स्प्लिंट गरम पाण्याने धुऊ नये आणि उन्हात खिडकीत वाळत ठेवू नये, ती आकार सोडते. साबणाचे गार पाणी पुरते. वाकडी झाली म्हणून घरी मेणबत्तीवर धरून सरळ करण्याचा उद्योगही करू नये. तो करणारे लोक आहेत म्हणून मुद्दाम लिहिले.

विभागात दाखवायला जाताना जुनी स्प्लिंट फेकून न देता बरोबर न्या, अगदी मोडलेली असली तरी. ती कुठे घासली आणि कुठे झिजली, यावरून नवी कशी करायची ते तिथल्या माणसाला कळते. शक्य असेल तर रुग्णाला घरी जो आंघोळ घालतो आणि भरवतो, त्यालाच बरोबर घ्या. बांधायचे कसे आणि सोडायचे कसे, हे त्यालाच शिकायचे असते.